मनाईच्या यादीपासून

स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहून द्या, असे संपादक मंडळाने कळवले, तेव्हा डोळ्यांसमोर प्रथम उभी राहिलेली आठवण फारशी गौरवाची नव्हती. ती लिहावी की न लिहावी, याचा दोन दिवस विचार केला. अखेर लिहायचे ठरवले, कारण त्या आठवणीपाठोपाठ आलेले एक मत गेली काही वर्षे मी बाळगून आहे, आणि ते सांगायला आपल्या शाळेइतकी योग्य जागा दुसरी नाही.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आठवीच्या वर्गाची वक्तृत्व स्पर्धा होती. विषय नेहमीचाच, ‘माझा आवडता नेता’. बाबासाहेब झाले, सावित्रीबाई झाल्या, डॉ. कलाम झाले. मग एक चुणचुणीत मुलगा उभा राहिला आणि त्याने चार मिनिटे हिटलरवर अस्खलित भाषण केले. शिस्त, कणखरपणा, देशाला पायांवर उभे करणे, सारे काही त्यात होते. सभागृहात टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत शिक्षकही होते, आणि खरे सांगायचे तर मीही होते. मुलगा बोललाच तसा छान.

हा मुलगा शहापूर तालुक्यातल्या एका कातकरी वाडीतला. त्याचे आईवडील दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परत येतात. म्हणून तर तो आपल्या वसतिगृहात. स्वतःची जमीन नाही, वर्षातला निम्मा काळ गावाबाहेर, आणि पोलीस पाटलापासून दुकानदारापर्यंत सगळ्यांची नजर संशयाची. युरोपात अशाच फिरत्या, संशयाने पाहिल्या गेलेल्या रोमा लोकांना हिटलरच्या राजवटीने ज्यूंप्रमाणेच छळछावण्यांत धाडले आणि लाखोंनी मारले. या रोमा लोकांची भाषा आपल्या मराठी-हिंदीच्याच कुळातली. त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी भारतातून बाहेर पडले. म्हणजे त्या दिवशी व्यासपीठावर एक मुलगा आपल्याच मारेकऱ्याचे गुण गात होता आणि त्याचे शिक्षक टाळ्या वाजवत होते.

हे त्याला कोठून मिळाले, म्हणून विचारले. चुलतभावाच्या मोबाइलवरच्या एका चित्रफितीतून. शिवाय हिटलरच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद त्याने एका रेल्वे स्थानकाबाहेरच्या गाड्यावर चाळलेला होता. त्या गाड्यावर ते पुस्तक व्यक्तिमत्त्व विकासाच्या आणि श्रीमंत होण्याच्या पुस्तकांच्या रांगेत मांडलेले असते. मी स्वतः पाहिले आहे.

त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. आपण त्याला दुसरे काही दिलेच नव्हते. राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात आठवीला आपला स्वातंत्र्यलढा, नववीला १९६० नंतरचा भारत आणि दहावीला इतिहासाचे उपयोजन. या विषयांविषयी माझी तक्रार नाही. पण तेरा ते पंधरा या वयात, जेव्हा मूल बलवान कोण आणि न्याय कशाला म्हणायचे याचे आडाखे बांधत असते, तेव्हा विसाव्या शतकातील सर्वांत मोठा संहार शिक्षकाने स्वतःहून वर्गात आणला तरच येतो. शिक्षकाने आणला नाही, तर मोबाइल आणतो.

म्हणून मी तो आणला. पहिल्या वर्षी अगदी चुकीच्या पद्धतीने आणला.

मी आकडे सांगितले. साठ लाख ज्यू मारले गेले, त्यांत सुमारे पंधरा लाख मुले. अविभाजित ठाणे जिल्ह्याची २०११ची लोकसंख्या एक कोटी दहा लाख होती, तिच्या निम्म्याहून अधिक माणसे, असे फळ्यावर मांडूनही दाखवले. मुलांनी ते वहीत उतरवून घेतले. परीक्षेत विचारले असते तर बरोबर लिहिलेही असते. मग मी दुसरी चूक केली. संगणक कक्षात पडद्यावर छायाचित्रे दाखवली, छळछावण्यांतल्या प्रेतांची. त्या रात्री सातवीतून नुकताच आठवीत आलेला एक मुलगा जेवला नाही आणि पुढच्या रात्रीही झोपेतून ओरडत उठला. वसतिगृहाच्या मावशींनी मला जे सुनावले, त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या छायाचित्रांबद्दल नंतर मी बराच विचार केला. त्यांतली कित्येक मारणाऱ्यांनीच काढलेली आहेत. आपले शेवटचे रूप कोणी पाहावे, हे ठरवण्याचा अधिकार मेलेल्यांना मिळालाच नाही. तेव्हापासून प्रेतांची छायाचित्रे माझ्या वर्गात येत नाहीत.

दुसऱ्या वर्षी मी अ‍ॅन फ्रँकची रोजनिशी घेऊन गेले. मराठीत ती उपलब्ध आहे आणि आपल्या ग्रंथालयात दोन प्रती होत्या, त्यांतली एक कोणीही न उघडलेली. १२ जून १९४२ रोजी, तेराव्या वाढदिवशी, अ‍ॅनला ती वही मिळाली. ६ जुलैला तिचे कुटुंब अ‍ॅमस्टरडॅममध्ये वडिलांच्या कचेरीमागच्या जागेत लपले. आठ माणसे दोन वर्षांहून अधिक काळ तेथे राहिली. खाली गोदामात माणसे काम करीत, म्हणून दिवसा बूट घालून चालायचे नाही, नळ सोडायचा नाही, खोकला आला तर तोंड दाबून धरायचे. ४ ऑगस्ट १९४४ला सर्वजण पकडले गेले. पुढे बर्गेन-बेल्सेनच्या छळछावणीत १९४५च्या फेब्रुवारी किंवा मार्चमध्ये अ‍ॅन गेली. आठ जणांपैकी एकटे तिचे वडील परतले.

आपल्या मुलांना ही वही ज्या वेगाने कळली, त्या वेगाने शहरातल्या मुलांना कळेल की नाही, याची मला शंका आहे. वसतिगृहात राहणाऱ्या मुलीला दुसऱ्याबरोबर खोली वाटून घेणे, रोज तीच भाजी, स्वच्छतागृहासाठी रांग, घरची आठवण आणि तरीही घरच्यांवरचा राग, हे सारे ठाऊक असते. अ‍ॅन आईवर चिडते, हे वाचून नववीतल्या मुली एकमेकींकडे पाहून हसल्या. छळाच्या इतिहासाचा तास आणि मुली हसतात, याने मी प्रथम दचकले. नंतर लक्षात आले की ती मुलगी आता त्यांच्या वर्गात येऊन बसली आहे.

आणि मग ती यादी आली. लपण्याआधीच्या दोन वर्षांत ज्यूंवर एकेक करून आलेले निर्बंध. कपड्यावर पिवळा तारा लावायचा. सायकली जमा करायच्या. ट्राममध्ये बसायचे नाही. खरेदी दुपारच्या ठरावीक दोन तासांत. रात्री आठनंतर रस्त्यावर दिसायचे नाही. नाटक नाही, चित्रपट नाही, पोहण्याचा तलाव नाही. मुलांनी फक्त ज्यूंच्या शाळेत जायचे. मी ही यादी फळ्यावर लिहीत होते, आणि ‘तलाव’ हा शब्द लिहून होतो न होतो तोच मागून एक मुलगी म्हणाली, “बाई, हे तर आपलंच आहे.”

तो तास मी तिथेच थांबवला. दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मधला पहिला प्रसंग वाचायला घेतला. ही आठवणींची टिपणे बाबासाहेबांनी १९३५-३६च्या सुमारास लिहिली. अस्पृश्यता म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला, परदेशी माणसाला कळावे, हा त्यांमागचा हेतू. १९०१ साल. नऊ-दहा वर्षांचे भीमराव भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनवर उतरले. अंगावर चांगले कपडे, म्हणून स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. जात कळताच त्याचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर कबूल झाला, तेही गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने चालणार, या अटीवर. सोबत खायला भरपूर होते, पण प्यायला पाणी मिळाले नाही, म्हणून मुले उपाशी झोपली.

ही दोन लिखाणे शेजारी ठेवून वाचली, की मला जे शिकवायचे असते ते बरेचसे आपोआप घडते. मोठा संहार एका सकाळी अचानक उगवत नाही. तो मनाईच्या लहानशा यादीने सुरू होतो; त्यातले प्रत्येक कलम सुटे पाहिले तर सोसण्याजोगे वाटते, आणि ज्यांना ती यादी लागू नसते त्यांना ती दिसतसुद्धा नाही. मुलांनी मेलेल्यांची संख्या विसरली तरी चालेल. ही यादी मात्र त्यांना ओळखता आली पाहिजे, मग ती कोणाहीविरुद्ध लिहिलेली असो.

येथे एक आक्षेप नेहमी येतो आणि तो मी हलका मानत नाही. आपल्या संस्थेच्या एका ज्येष्ठ हितचिंतकांनी मला सरळ विचारले होते, “बाई, आपल्या लेकरांच्या वाट्याला आलेलं दुःख काय कमी आहे, म्हणून तुम्ही युरोपचं आणता?” त्यांची पिढी गावकुसाबाहेर वाढलेली. त्यांना असे विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. माझे उत्तर एवढेच, की केवळ स्वतःच्या दुःखाचा इतिहास शिकलेल्या मुलाला त्यातून दोनच गोष्टी मिळण्याचा धोका असतो, न्यूनगंड किंवा सूड. आपल्यावर झाले ते दूरच्या, गोऱ्या, शिकल्यासवरलेल्या लोकांवरही होऊ शकते, हे कळल्यावर मुलांच्या मनातली एक गाठ सुटताना मी पाहिली आहे. आपल्यात काहीतरी उणे आहे म्हणून आपल्याशी असे वागले गेले, ही ती गाठ. बाबासाहेबांनीही आपल्या लेखनात अस्पृश्यांच्या स्थितीची ज्यूंच्या छळाशी तुलना केली आहे. बाहेरचे पाहू नका, असे त्यांनी कधी शिकवले नाही.

याच तासांत एका मुलीने विचारले, “बौद्ध माणसं असं कधी करत नाहीत ना, बाई?” आपल्या शाळेत हा प्रश्न आज ना उद्या येणारच होता. मी त्या दिवशी उत्तर टाळले. दुसऱ्या दिवशी मात्र सांगितले, की २०१७मध्ये म्यानमारच्या सैन्याच्या कारवाईमुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्या मुसलमान बांगलादेशात पळून गेले. तो देश बहुसंख्य बौद्धांचा आहे आणि त्यांच्याविरुद्ध द्वेषाची भाषा बोलणाऱ्यांत चीवर घातलेले भिक्खूही होते. वर्ग गप्प झाला. नंतर काहींनी माझ्यावर नाराजीही व्यक्त केली. पण अकुशल कर्म हे करणाऱ्याच्या नावावरून ठरत नाही, हे आपण रोजच्या वंदनेनंतर सांगतो आणि इतिहासाच्या तासाला लपवतो, असे चालणार नाही. मुले ढोंग फार लवकर ओळखतात.

आता महाजालाकडे वळते. आपल्या संगणक कक्षात चालू संगणक अकरा, जोडणी कधी असते कधी नसते, आणि पावसाळ्यात वीजच नसते. तरीही शोध मुलांनीच घ्यावा, यावर मी ठाम आहे. मोबाइल त्यांच्या हाती येणारच आहे. प्रश्न इतकाच, की शोधायचे कसे हे त्यांना आपण शिकवणार की चुलतभाऊ.

पहिल्याच दिवशी गंमत झाली. मराठीत माहिती फार थोडी, म्हणून मुलांनी इंग्रजी मजकूर यंत्राकडून मराठीत करून घेतला. यंत्राने छळछावणीला ‘एकाग्रता शिबिर’ केले. आपल्या शाळेत वर्षातून दोनदा ध्यानाचे शिबिर असते. एका मुलाने वहीत प्रामाणिकपणे लिहिले, की नाझी लोक ज्यूंना एकाग्रता शिबिराला पाठवत. मी हसले, आणि मग हसू ओसरले. त्या छावण्यांना नाव देणाऱ्यांनीही मुद्दाम असेच साधे, कारकुनी शब्द वापरले होते. पूर्वेकडे पुनर्वसन म्हणायचे आणि गाडी मृत्यूकडे न्यायची. शब्दाने झाकलेले शब्दानेच उघडावे लागते, हा धडा यंत्राने आम्हाला फुकट दिला.

मुलांना मी विषय देत नाही, नाव देते. ‘दुसरे महायुद्ध’ असे शोधले, की रणगाडे आणि हिटलरची सुभाषिते समोर येतात. नावावरून शोधले, की माणूस सापडतो. मागच्या खेपेला मी दिलेले नाव होते कल्पना चावला. मुले चक्रावली. कोलंबिया यानातल्या तिच्या सहकाऱ्यांत इलान रामोन हे इस्रायली अंतराळवीर होते. त्यांची आई ऑशविट्झमधून वाचलेली. त्यांनी सोबत एका चित्राची प्रत नेली होती. चंद्रावरून पृथ्वी कशी दिसेल, याचे ते चित्र पीटर गिंझ या प्रागच्या मुलाने छळाच्या काळात काढलेले. पीटरचा जन्म १ फेब्रुवारी १९२८चा. कोलंबिया कोसळले ते १ फेब्रुवारी २००३ रोजी. पीटर ऑशविट्झमध्ये मारला गेला, तेव्हा सोळा वर्षांचा होता. यानाच्या अपघातानंतर ते चित्र जगभर दाखवले गेले आणि त्यावरून प्रागमधल्या एका घराच्या माळ्यावर पडलेल्या त्याच्या रोजनिशीच्या वह्या ओळखू आल्या. टेरेझिनच्या वस्तीत कोंडलेल्या मुलांनी दर आठवड्याला एक हस्तलिखित काढले, त्याचा संपादक पीटर. अंकाची एकच प्रत; शुक्रवारी संध्याकाळी ती सगळ्यांना वाचून दाखवायची. सुमारे आठशे पाने उरली आहेत. आपल्या शाळेच्या हस्तलिखिताच्या मंडळातल्या मुलांनी हे वाचले आणि पहिला प्रश्न विचारला, “त्यांना कागद कोण देत होतं?” असा प्रश्न संपादकालाच सुचतो.

हिटलरवर बोललेला आमचा वक्ता तोवर दहावीत गेला होता. तो एक दिवस विजयी मुद्रेने आला. अ‍ॅनची रोजनिशी खोटी आहे, ती बॉलपेनने लिहिली आहे आणि बॉलपेन युद्धानंतर प्रचारात आले, असे सांगणारी चित्रफीत त्याला सापडली होती. मी त्याला खोडून काढले नाही. हे कोणी म्हटले, केव्हा म्हटले आणि त्याला कसे कळले, हे तीन प्रश्न लिहून दिले आणि पंधरा दिवस दिले. त्याने शोधून आणले. बॉलपेनची शाई आहे ती मूळ लिखाणात नाही. पुढे तपासणीच्या वेळी कोणीतरी आत ठेवलेल्या दोन सुट्या चिठ्ठ्यांवर. नेदरलँड्सच्या सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेने कागद, शाई, डिंक आणि हस्ताक्षर तपासले, आणि ते निष्कर्ष १९८६मध्ये रोजनिशीच्या चिकित्सक आवृत्तीत छापले गेले. वर्गात हे सांगून झाल्यावर खाली बसताना तो मला म्हणाला, “पण बाई, मग त्या दिवशी तुम्ही टाळ्या का वाजवल्या?” त्याच्या मनातले हिटलरचे आकर्षण पूर्ण गेले, असे मी म्हणणार नाही, त्याने बांधलेल्या रस्त्यांचा उल्लेख तो अजूनही करतो. पण तो आता चित्रफितीला तीन प्रश्न विचारतो. आणि त्याच्या प्रश्नाला मी त्या दिवशी वर्गासमोर उत्तर दिले, की मला कळले नव्हते.

मुलांना सर्वांत ओढ लागली ती एका वेगळ्याच शोधाची. “यांतलं कोणी आपल्याकडं आलं होतं का?” असे विचारून झाले आणि त्यांना कोल्हापूरजवळचे वळिवडे सापडले. १९४० आणि १९४१मध्ये सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून लाखो माणसे उचलून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकली. जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर त्यांची सुटका झाली, आणि वाचलेल्यांपैकी अनेकजण १९४२मध्ये कास्पियन समुद्र ओलांडून इराणात आले. तेथून सुमारे पाच हजार पोलिश लोक, बहुतेक बायका आणि मुले, १९४३पासून वळिवड्याच्या छावणीत राहिले. पंचगंगेच्या खोऱ्यात त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, दवाखाना होता, नाटके होत होती. १९४८पर्यंत ही वस्ती टिकली. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचे स्मारक आहे, आणि पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, कोल्हापूरचे स्मारक आहे. महाराष्ट्राने आश्रय दिलेल्या पाच हजार लोकांची ही कथा इतकी जवळची असून आपल्या मुलांना ती पोलंडमार्गे कळावी, याची मला थोडी लाज वाटली.

त्यातून एक अडचणही उभी राहिली, आणि ती मला फार मोलाची वाटते. या पोलिश मुलांना हाकलणारा हिटलर नव्हता. हिटलरला हरवणाऱ्यांपैकीच एक, स्टॅलिन, होता. आम्ही वर्गाच्या भिंतीवर १९४३ सालाचा एक लांब कागद लावला, जगाच्या नकाशाखाली, आणि त्या वर्षात कोण कोठे होते ते मुलांनी लिहायला घेतले. अ‍ॅन अ‍ॅमस्टरडॅममध्ये लपलेली. पीटर टेरेझिनमध्ये हस्तलिखित काढतो आहे. पोलिश मुली वळिवड्याला पोहोचताहेत. बंगालात दुष्काळाने लाखो माणसे मरताहेत. मग मुरबाडच्या एका मुलाने उठून कागदाच्या अगदी सुरुवातीला लिहिले : २ जानेवारी, सिद्धगड.

त्या पहाटे मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या जंगलात ब्रिटिशांच्या पोलिसांनी वेढा घातला आणि भाई कोतवाल व हिराजी पाटील यांना गोळ्या घातल्या. माथेरानचे वकील भाई कोतवाल, त्यांनी उभा केलेला आझाद दस्ता, मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडण्याचे त्यांचे काम, हे आठवीच्या इतिहासाला धरूनच आहे, आणि दर २ जानेवारीला सिद्धगडावर माणसे जमतात, हे त्या मुलाने पाहिलेले होते. पण अ‍ॅनच्या लपण्याच्या जागेशेजारी ते नाव लिहिले गेले आणि वर्गात वाद पेटला. हिटलरशी लढणारे इंग्रज चांगले, की भाई कोतवालांना मारणारे इंग्रज वाईट? त्यातच कोणीतरी १९४५चे वारल्यांचे बंड काढले. आपल्याच तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, तलासरी-उंबरगाव भागात, जमीनदारांच्या वेठबिगारीविरुद्ध वारली उठले आणि त्यांच्यावर गोळीबार झाला. जगातले युद्ध तोवर संपलेले होते.

हा वाद मी मिटवला नाही. चांगला शिक्षक तास संपण्यापूर्वी उत्तर देतो, असे आम्हाला प्रशिक्षणात शिकवले होते. मला वाटते, काही प्रश्न मुलांबरोबर वसतिगृहात जायला हवेत. मात्र एक पथ्य पाळावे, की हे तास दिवसाच्या शेवटी ठेवू नयेत. घरी जाणाऱ्या मुलाला रात्री आई असते. आपल्या मुलांना खोली असते. मी हा तास मधल्या सुट्टीच्या आधी घेते, म्हणजे नंतर मैदान असते, आणि मावशींना आदल्या दिवशी सांगून ठेवते.

वारल्यांच्या बंडावरून मुलांच्या लक्षात आलेली गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. तेथे रोजनिशी नाही. लिहिता येणारे कोणी नव्हतेच. जे आहे ते गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’. बाहेरून आलेल्या, त्यांच्याबरोबर राहिलेल्या बाईंनी लिहिलेले. मग आमच्याकडच्यांचे कोणी लिहिले, असे मुले विचारू लागली. त्या दिवाळीच्या सुट्टीत मी प्रत्येकाला एक कोरी वही आणि एकच प्रश्न दिला. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारायचे, की तुझ्या लहानपणी कोठे जायला मनाई होती? त्यांच्याच बोलीत लिहायचे, दुरुस्त करायचे नाही.

वह्या परत आल्या, त्या मी अजून जपून ठेवल्या आहेत. विहिरीचे अपेक्षित होते, देवळाचे अपेक्षित होते. अपेक्षित नव्हते ते असे, की एका आजोबांना सावकाराच्या अंगणात चप्पल घालून जायला मनाई होती आणि चप्पल नव्हतीच, म्हणून ती मनाई त्यांना लग्नानंतर कळली. एका आजीने धरणाखाली गेलेल्या गावाचे सांगितले. तिथे आता जायला मनाई नाही, पण जाता येत नाही. त्या पाण्याचे नळ मुंबईला जातात आणि तिच्या पाड्यावर उन्हाळ्यात टँकर येतो, हे तिच्या नातवाने स्वतःहून खाली जोडले होते.

या वह्या एकत्र बांधून शाळेच्या ग्रंथालयात ठेवाव्यात, अ‍ॅनच्या आणि बाबासाहेबांच्या शेजारी, आणि दर वर्षी आठवीच्या मुलांनी त्यात भर घालावी, अशी माझी व्यवस्थापनाला विनंती आहे. महाजालावर त्या टाकू नयेत. ज्यांनी सांगितले त्यांना ते विचारलेले नाही. त्यासाठी कपाटाचा एक कप्पा, आणि वर्षाला बारा तास एवढेच लागेल.

त्यांतली एक वही आमच्या वक्त्याची आहे. पहिल्या पानावर प्रश्न सुंदर अक्षरात लिहिलेला. त्याखाली भट्टीवर जाऊन आजीला भेटल्याची तारीख. पुढे दोन ओळी. “आजीला इचारला. ती म्हणली, ते नको, तू जेवलास का?” बाकी पाने कोरी आहेत. त्याने ती वही परत मागितली आहे, उन्हाळ्याच्या सुट्टीत पुन्हा विचारून पाहतो म्हणाला.